यंत्रातली हलगी खरी कशी वाजेल?



एप्रिल जवळ आला की आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या वस्त्यावस्त्यांत वर्गणीच्या पावत्या फाडण्याआधी एक प्रश्न निघतो. यंदा जयंतीला वाजवायचे काय? कुणी म्हणतो डीजे सांगा, कुणी म्हणतो बँजो पार्टी आणा, आणि अलीकडे कुणी ना कुणी पोरगा उठून म्हणतो, बाहेरचे कशाला, आपलाच संच करू. वस्तीत एखादा जुना ऑक्टोपॅड असतो, एक की-बोर्ड असतो, गाणारी दोन-चार पोरे-पोरी असतात. सराव सुरू होतो आणि तिसऱ्या दिवशी तक्रार येते. गाणे बरे बसले, पण हलगी पत्र्याचा डबा बडवल्यासारखी वाजते. ढोलकीला घुमारा नाही. खऱ्या वाद्याचा आवाज या मशीनमध्ये आणायचा कुठून?

गेली कित्येक वर्षे आम्ही दिवसा कारकुनी आणि संध्याकाळी विहारातल्या सांस्कृतिक मंडळाचे हिशेब सांभाळतो. वादक आम्ही नव्हे. पण पोरांच्या या प्रश्नापायी जे पाहिले, वाचले आणि करून घेतले, ते या खेपेला सदरात मांडतो. घरात वाजवणारे कुणी नसले तरी माय-माउल्यांनी हे वाचावे, कारण पुढे जी गोष्ट येणार आहे ती वाद्यापुरती नाही.

आधी हे यंत्र काय आहे ते समजून घेऊ. १९५९ साली अमेरिकेतील वुर्लिट्झर कंपनीने ‘साइड मॅन’ नावाची पेटी बाजारात आणली. आत एक चकती फिरे, तिच्या संपर्काने विजेचा खटका बसे आणि ताल वाजे. त्यात खरा ढोल कुठेच नव्हता, विजेने काढलेला नुसता भास होता. पुढे जपानच्या रोलँड कंपनीची १९८० सालची टीआर-८०८ ही प्रसिद्ध मशीनही तशीच. तिचा प्रत्येक ठोका विजेच्या मंडलातून तयार व्हायचा. सुमारे बारा हजार नग विकून १९८३ साली ती बंद झाली. लोक म्हणत, हा काय ढोलाचा आवाज आहे? मग जुन्या बाजारात ती स्वस्तात मिळू लागली आणि अमेरिकेतल्या काळ्या वस्तीतल्या गरीब पोरांनी ती उचलली. त्यांनी तिच्यावर हिप-हॉप उभे केले. आज तोच ‘खोटा’ आवाज जगभर हौसेने वापरतात. तेव्हा खऱ्यासारखा नसलेला आवाज टाकाऊच असतो असे नाही, हेही पोरांनी ध्यानी ठेवावे.

खऱ्या ढोलाचा आवाज यंत्रात पहिल्यांदा घातला तो रॉजर लिन यांनी, १९८० सालीच, एलएम-१ या मशीनमध्ये. वादकाला बसवून एकेक ठोका टिपला, त्याचे आकडे केले आणि ते आकडे चिपमध्ये साठवले. बटण दाबले की तोच ठोका बाहेर. पण किंमत पाच हजार डॉलरच्या घरात, आणि विकल्या गेल्या जेमतेम पाचशेच्या आसपास. एक गंमत पाहा. त्यात मोठ्या झांजेचा आवाजच नव्हता. झांज वाजवली की तिचा नाद कितीतरी वेळ लांबतो, आणि तेवढा साठवायला लागणारी चिप त्या काळी फार महाग. पैशाअभावी झांज गाळली! आपल्यासारख्यांना ही अडचण समजावून सांगायची गरज नाही.

आपल्याकडे जो ऑक्टोपॅड म्हणतात तोही रोलँडचाच. ऑक्टो म्हणजे आठ, आठ रबरी चौकोन. १९८५ च्या पहिल्या पॅड-८ मध्ये स्वतःचा एकही आवाज नव्हता. तो दुसऱ्या यंत्राला नुसता हुकूम द्यायचा. १९९८ साली एसपीडी-२० आला, त्यात सातशे आवाज. आपल्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी तो डोक्यावर घेतला, आणि आजही खेड्यापाड्यांतल्या संचांत तो दिसतो. मात्र त्यात आपण टिपलेला आवाज भरता येत नाही. आतल्याच सातशे आवाजांपैकी दोन-तीन एकत्र करून, चढवून-उतरवून ‘हलगी पॅच’ बनवतात आणि ते पॅच पोरे एकमेकांना देतात, काही जण विकतातही. म्हणजे ज्याला हलगी म्हणून पैसे मोजले ती बहुतेकदा कुठल्या तरी परदेशी ढोलाची पिळलेली तार असते. डब्यासारखी वाजते ती म्हणूनच.

आता खरी हलगी कशी असते? कड्यावर ताणलेले बकऱ्याचे कातडे, एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक लवचिक काडी. वाजवण्याआधी ती जाळावर शेकतात. कातड्यातला ओलावा गेला की ते ताणते आणि आवाज चढतो. गार झाली की उतरतो, पुन्हा शेकायची. आता फायबरचे पान लावून नटाने आवळायच्या हलग्या निघाल्या आहेत. त्यांना जाळ लागत नाही, पण आमच्या कानाला त्यांचा आवाज जरा कोरडा वाटतो. मधोमध टिपरू पडले तर एक आवाज, काठाजवळ पडले तर दुसरा, आणि बारीक काडीची तडतड तिसरीच. जोरात मारले की आवाज नुसता मोठा होत नाही, त्याची जातच बदलते. मशीन खोटी वाजते ती इथे. ती एकच टिपलेला ठोका शंभर वेळा जसाच्या तसा काढते. हळू वाजवले तरी तोच ठोका, फक्त बारीक केलेला. माणसाच्या हातून दोन ठोके कधी सारखे पडत नाहीत, आणि कानाला ते कळते. शास्त्र ठाऊक नसलेल्या आजीलाही कळते.

यावर उपाय एकच. खऱ्या वादकाकडे जायचे, त्याचे ठोके टिपायचे, आणि एकाच ठोक्याच्या अनेक तऱ्हा मशीनमध्ये भरायच्या. विकतच्या तयार आवाजांत विलायती ड्रमसेटचे उत्तम संच मिळतात, तबलाही चांगला मिळतो. पण आपल्या भागातली हलगी किंवा तुळजापूरच्या गोंधळ्यांच्या संबळाचा तो आकडी काठीने काढलेला घुमारा, हे विकत घ्यायला गेले की निराशाच पदरी येते. कारण उघड आहे. ही वाद्ये ज्यांच्या हातात आहेत त्यांच्याकडे यंत्र नाही, आणि यंत्रे बनवणारे या वस्त्यांत येत नाहीत.

आमची पोरे मग शेजारच्या गावी मातंग वस्तीत एका हलगीवाल्या मामांकडे गेली. आम्हीही सोबत होतो. वय साठीच्या पुढे, पण टिपरू हातात घेतले की वीस वर्षांनी लहान होणारा माणूस. पोरांनी येण्याचे कारण सांगितले. मामा ऐकत राहिले, मग म्हणाले, “म्हंजी माझी हलगी मशिनीत घालून मला घरी बसवता व्हय रं?”

पोरे गप्प झाली. एकाने धीर करून सांगितले, “मामा, तुमी येत असाल तर मशीन कशाला लागतीय? पण चौदा एप्रिलला तुमाला चार गावच्या सुपाऱ्या. आमच्याकडं यायला तुमी रिकामे कुठं असता?” मामा हसले. “आता असतो रिकामा,” ते म्हणाले. “डीजे आल्यापास्नं कोण बोलवतंय?”

या वाक्यावर आम्हांस पुढे बोलवेना. यंत्राने माणसाचे काम जाते ही गोष्ट गिरणीत पाहिली, कचेरीत पाहिली, तीच हलगीत. फरक एवढाच की इथे यंत्र वाजवणारा आपलाच पोरगा आहे.

शेवटी ठरले ते असे. मामा एक पूर्ण दिवस देतील, त्या दिवसाची सुपारी पूर्ण घेतील. आणि जयंतीच्या मिरवणुकीत मामांची हलगी आणि त्यांच्या पुतण्याचे कैताळ प्रत्यक्ष वाजेल, रात्रीच्या गाण्याच्या कार्यक्रमात मशीन. पुतण्याचे पैसे वेगळे. मंडळाच्या वहीत दोन्ही खर्च आम्ही वेगळ्या रकान्यात घातले.

पण विहारात ही गोष्ट कळली तेव्हा खरा वाद झाला. आमच्या वस्तीतल्या एका वृद्ध आजी उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, हलगी टाकली म्हणून माझ्या सासऱ्यानं गावाचा मार खाल्ला, वाळीत राहिला, आणि तुम्ही तीच हलगी विहाराच्या दारात आणता? सभेत कुणाचा आवाज निघेना. आजींचे म्हणणे हसण्यावारी न्यायचे नव्हे. दवंडी द्यायची, मेलेले ढोर ओढायचे, साहेबाच्या घोड्यापुढे धावायचे, लग्नात-जत्रेत वाजवायचे, ही कामे अस्पृश्य जातींच्या गळ्यात वतन म्हणून बांधलेली होती. नाही म्हणायची सोय नव्हती. आपल्याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदार परिषद भरली. तिला स्वतः बाबासाहेब आले होते. परिषदेच्या नावातच महार आणि मांग एकत्र आहेत, हेही विसरू नये. ही कनिष्ठ वतने मोडण्याचा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. ज्या घरांनी हलगी फेकली त्यांनी वाद्य फेकले नव्हते, सक्ती फेकली होती.

आमचे मत आम्ही सभेत मांडले. गावाने बोलावले की गेलेच पाहिजे, ती हलगी वेगळी. आपल्या मर्जीने, ठरवलेल्या पैशाने, आपल्या गाण्यासाठी वाजवलेली हलगी वेगळी. बाबासाहेबांच्या हयातीतच आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात आपला विचार भरला. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांची गाणी आपण ज्या ढोलकीवर ऐकली, ती ढोलकीही एके काळी हिणवलेलीच होती. शेजारच्या बार्शीचे शाहीर अमर शेख यांनी डफावर लाखोंच्या सभा जिंकल्या. आणि २०१४ साली पडद्यावर आलेल्या नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने तर हलगी वाजवणारा पोरगाच नायक केला. तो सिनेमा पाहून आमच्या वस्तीतल्या पोरांची हलगीकडे बघायची नजर बदलली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आजींना हे पटले असे आम्ही म्हणणार नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “वाजवा, पण वंदनेच्या वक्ताला नको.” तसा ठराव झाला. बुद्धवंदना आणि त्रिसरण-पंचशील होईपर्यंत कुठलेही वाद्य नाही, मशीनचे नाही आणि चामड्याचेही नाही. ज्या घरांना मिरवणुकीत हलगीमागे चालायचे नाही त्यांनी पुढे भगिनींच्या रांगेसोबत चालावे, असेही ठरले. आजी पुढे चालल्या.

आता टिपण्याचे काम. ज्यांना करायचे आहे त्यांच्यासाठी तपशिलाने लिहितो.

जागा आधी. उघड्या माळावर वारा माइकमध्ये घुसतो, रिकाम्या सभागृहात आवाज भिंतींवर आपटून परत येतो. आम्ही विहाराच्या बाजूच्या खोलीत खिडक्यांवर आणि तीन भिंतींवर गोधड्या टांगल्या, खाली सतरंज्या अंथरल्या. बायाबापड्यांनी आणून दिलेल्या सोळा गोधड्या लागल्या. पंखा बंद, मोबाईल बंद. माइक हलगीपासून तीन-चार फुटांवर, थोडा तिरपा. अगदी समोर ठेवला तर ठोक्याची हवा त्यावर आदळते. मोबाईलवर टिपायचे तर टिपता येते, पण मोबाईल स्वतःच्या अकलेने मोठा आवाज लहान करतो आणि लहान मोठा करतो. ती सोय ज्यात बंद करता येते असे ॲप घ्यावे, आणि फाईल वेव्ह प्रकारात ठेवावी, एमपी-३ मध्ये नको. सगळ्यांत जोराच्या ठोक्याला काटा लाल रेषेच्या बराच खाली राहील असे आधी जुळवावे. आवाज फाटला की तो नंतर कशानेही सांधता येत नाही.

हलगी शेकून आणली की लगेच सुरुवात. आवाज उतरू लागला की थांबायचे, पुन्हा शेकायची, आणि पहिल्या ठोक्याशी ताडून बघायचे. हे मामांनी आम्हांला शिकवले. यंत्रावर काटा बघणाऱ्या पोराच्या आधी त्यांचा कान सांगत होता, “उतरली.”

किती ठोके? आमचा हिशेब असा. तीन तऱ्हेचे ठोके : मधला, काठाचा आणि बारीक काडीचा. प्रत्येक ठोका चार जोरांत, अगदी हळूपासून पूर्ण ताकदीपर्यंत. आणि प्रत्येक जोराचे पाच नमुने. म्हणजे ३ गुणिले ४ गुणिले ५, एकूण साठ. प्रत्येक ठोक्याला दीड सेकंद धरा, कारण शेपटीचा नाद कापायचा नसतो. एका सेकंदाचे ४४,१०० आकडे, प्रत्येक आकड्याला दोन बाइट. दीड सेकंदाला १,३२,३०० बाइट आणि साठ ठोक्यांना ७९ लाख ३८ हजार. म्हणजे आठ एमबीच्या आत. मोबाईलमधले दोन-तीन फोटो यापेक्षा जास्त जागा खातात! ज्या चिपपायी १९८० मध्ये झांज गाळावी लागली, ती अडचण आज कुणालाच उरलेली नाही.

पुढे हे ठोके ‘ऑडॅसिटी’ या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कापावेत. ठोक्याच्या आधीची शांतता अगदी काठापर्यंत छाटावी, नाहीतर काठी मारल्यावर आवाज उशिरा येतो. मागची शेपटी हळूहळू विरू द्यावी. मग पॅड जोराने मारले तर जोराचा ठोका, हळू मारले तर हळूचा, आणि दर वेळी पाचांतला वेगळा नमुना वाजेल अशी जुळणी करावी. पॅडच्या जोराला १ ते १२७ असे आकडे असतात, त्याचे चार भाग पाडायचे. मात्र काडीची सलग तडतड एकेक ठोका जोडून कधीच खरी होत नाही. ती मामांकडून सलग वाजवून घ्यावी आणि अख्खी एका पॅडवर ठेवावी. आणखी एक सांगणे. यंत्रात ठोके पट्टीने आखल्यासारखे नेमक्या जागी बसवण्याची सोय असते. ती वापरू नये. मामांचा काठाचा ठोका दर वेळी किंचित मागे रेलतो, आणि पाय हलतात ते त्या रेलण्यानेच.

आता मोबदल्याचे. अमेरिकेत १९६९ साली ‘द विन्स्टन्स’ नावाच्या संचाने एक गाणे ध्वनिमुद्रित केले. त्यात ग्रेगरी कोलमन या काळ्या वादकाने सुमारे सहा सेकंद एकट्याने ड्रम वाजवला. ते सहा सेकंद पुढे मशीनमध्ये भरले गेले आणि जगभरच्या हजारो गाण्यांत वाजले, अजून वाजतात. लोकांनी त्यावर पैसा केला. कोलमन यांना त्यातले काही मिळाले नाही. २००६ साली ते बेघर अवस्थेत वारले. २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे चोवीस हजार पौंड गोळा केले, ते संचाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना देण्यात आले. कोलमन तोवर जगात नव्हते.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन सादर करणाऱ्या कलावंताला स्वतःचा हक्क मिळाला. त्याची मुदत आता पन्नास वर्षे आहे. २०१२ च्या दुरुस्तीने त्याचे नाव घेतले जाण्याचा हक्कही दिला. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी आणि सहीनिशी करावा लागतो. त्या कागदावर मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच धरतात. सुट्या एका ठोक्याला हा कायदा किती लागतो यावर वकील लोक भांडतील तेव्हा भांडोत. आपण भांडणाची वाट कशाला पाहायची? आम्ही साध्या कागदावर चार ओळी लिहिल्या. हे ठोके आमच्या मंडळाने पाच वर्षे आपल्या कार्यक्रमात वापरावेत. कुणाला विकू नयेत, फुकटही वाटू नयेत. विकायची वेळ आली तर मामांना विचारून, निम्मे पैसे त्यांचे. आणि प्रत्येक कार्यक्रमात निवेदकाने त्यांचे नाव घ्यावे. मामांनी कागद नातीकडून वाचून घेतला. अंगठा नाही, सही केली.

ज्यांच्याकडे एसपीडी-२० आहे त्यांनी नवा पॅड घ्यायची घाई करू नये. त्याच्या मागे मिडीचे छिद्र असते. तिथून यूएसबीची तार कॉम्प्युटरला जोडली की पॅड नुसता हुकूम देतो आणि आवाज कॉम्प्युटरमधून, म्हणजे आपल्या साठ ठोक्यांतून येतो. मोबाईलवरही जमते, पण आवाज मागे पडतो की काय ते आधी तपासावे. शंभरावा भाग सेकंदाहून जास्त उशीर झाला तर वाजवणाऱ्याचा हात अडखळतो. कर्ज काढून नवे यंत्र घेण्यापेक्षा तेच पैसे वादकाच्या सुपारीत घालावेत असे आमचे मत आहे. आणि रात्री दहानंतर आवाज बंद करण्याचा २००० सालचा नियम आपल्यालाही आहे. दहावी-बारावीची पोरे वस्तीत असतात.

मामांचे संबळ वाजवणारे एक स्नेही तुळजापूरला आहेत. पावसाळा सरला की त्यांच्याकडे जायचे ठरले आहे. गोधड्या मात्र या वेळी त्यांच्याच गावातून मागाव्या लागतील.